गळका एसी आणि ओरिनची पाणसळ

८ जून, सोमवार

टपकलं! थेट माझ्या मानेवर, बटाटे सोलता सोलता. आधी वाटलं घाम. मग दुसरा थेंब. वर बघते तर छपरातल्या एसीच्या जाळीच्या कडेला थेंब ओळीने लोंबताहेत, दोरीवर कपडे वाळत घातल्यासारखे. बाहेर पाऊस नाही. ढगाचा ठिपका नाही.

नवऱ्याला, ओरिनला, हाक मारली. मान वर करून बघितलं आणि म्हणतो, "दव धरलं असेल."

दव! टेक्ससच्या किनाऱ्यावर, जूनमध्ये, भर दुपारी, घराच्या आत!

एसी ह्या ट्रेलरबरोबरच, आमच्या चाकांवरच्या घराबरोबरच आलेला, म्हणजे म्हाताराच. पण म्हातारं झालं म्हणून काही टाकून देत नाहीत. तसं असतं तर ह्या घरात कोणीच उरलं नसतं. दुरुस्त होईल. मी करून दाखवीन.

तोपर्यंत खाली सूपचं मोठं पातेलं ठेवलंय. टप. टप.

९ जून

जोलीनचा फोन. बोलता बोलता एसीचं तोंडातून निघून गेलं. चूक झाली. लगेच सुरू — "आई, एसी गेला की उन्हाळ्यात त्या डब्यात राहायचं नाही. विका तो ट्रेलर आणि इकडे या. तळघर तयार ठेवलंय."

तळघर मी बघितलंय. गालिचा आहे, टीव्ही आहे, वेगळं बाथरूम आहे. खिडकी तेवढी नाही.

नेब्रास्कातलं शेतावरचं घर विकलं तेव्हाच मी प्रभूला सांगून ठेवलं होतं, ह्या ट्रेलरमधून मला थेट वरच ने. चाळीस वर्षं त्या घराचे जिने पुसले. इथे या टोकापासून त्या टोकापर्यंत झाडायला एक प्रार्थना म्हणायला लागते तेवढाच वेळ. खिडकीत खाडी. ह्या ट्रेलर-पार्कात ओरिन लोकांच्या गाड्या लावून देतो, मी कपडे धुवायची खोली सांभाळते, त्या बदल्यात जागा आणि वीज फुकट. ह्याहून जास्त माणसाला लागतं काय?

पण नवा एसी घ्यायचा म्हणजे टायरांसाठी बाजूला ठेवलेले पैसे जाणार. आणि टायर नाहीत म्हणजे ट्रेलर जागचा हलणार नाही. दर ऑक्टोबरात महिनाभराच्या कामाला दुसऱ्या पार्कात जातो; यंदा निघालो नाही की जोलीन गाडी घेऊन दारात उभी. तेव्हा दुरुस्तीच! दुसरा विचारच नाही.

१३ जून, शनिवार

संध्याकाळी पार्कातले सगळे खुर्च्या टाकून बसले होते. मी कोबी-खिम्याचे पाव केले होते, पाच मिनिटांत ताट रिकामं. पाव संपले आणि सल्ले सुरू झाले.

शेजारचा होयट जन्मभर तेलविहिरींवर होता. कुठल्याही यंत्राला बघितलं की त्याचा एकच न्याय — "मिस आर्लिस, गळायला लागलेलं यंत्र आणि खोटं बोलायला लागलेला नोकर, ठेवायचा नाही. नवा घ्या!"

"तुझा ट्रक गेल्या ख्रिसमसपासून तेल गळतोय," मी म्हटलं. "तो कधी काढतोयस?"

सगळे हसले. होयट सगळ्यांत जास्त.

आणि मग ओरिन काय बोलावा? "होयट बरोबर बोलतोय. नवाच घेऊ."

माझ्या हातातलं ताट पडायचं बाकी राहिलं. हा माणूस! दात घासायच्या पेस्टची नळी कात्रीने कापून आतलं खरवडतो. लग्नात मला दिलेली अंगठी त्याने हप्त्याने नव्हे, घासाघीस करून घेतली होती. आणि तपासल्याशिवाय, उघडून बघितल्याशिवाय, "नवाच घेऊ"?

घरी आल्यावर विचारलं. म्हणे, "उन्हाळा वाईट आहे. तुला त्रास नको."

मला कधी त्रास झालाय?

१४ जून, रविवार

चर्चमध्ये ओरिन गायला नाही. पुस्तक उघडून नुसते ओठ हलवत होता. मागच्या बाकावरची बाई म्हणाली, "आज खालच्या पट्टीतला आवाज कुठे गेला?" तो म्हणतो, एसीच्या वाऱ्याने घसा बसलाय. म्हणजे आता हेही एसीच्याच माथी!

प्रार्थनेत मी प्रभूकडे एसी मागितला नाही. अक्कल मागितली. ती फुकट मिळते.

१६ जून

आज मी छपरावर चढले!!

ओरिन म्हणाला, गुडघा दुखतोय. मग खाली शिडी धरायला उभा राहिला. मला वाटलं होतं अडवेल. नाही अडवलं. होयट मात्र हातातली कॉफी सोडून धावत आला, "मिस आर्लिस, उतरा! तुमच्या मुलीला मी काय तोंड दाखवू!" मी वरून ओरडले, "तिला सांगितलंस तर तुला यापुढे एक पाव मिळणार नाही." तो परत कॉफीकडे गेला.

वरचं झाकण काढलं. आत एक पसरट ताटली असते. गार नळ्यांवर हवेचं पाणी धरतं ते तीत जमतं, आणि पुढच्या बाजूच्या भोकांतून छपरावर वाहून जातं. एवढंच तंत्र आहे. अंडी उकडण्यापेक्षा सोपं. त्या भोकांत कुंभारीण माशीने मातीची घरं बांधलेली! अख्खी वसाहत. विणायच्या सुईने कोरून कोरून काढली. मागच्या कडेला पाणी साचून होतं ते फडक्याने टिपलं. मग खाली येऊन जाळी काढली आणि आतले चारही बोल्ट सोडवले. छप्पर आणि एसी यांच्यामध्ये फोमची चौकट असते, ती दबून पोळीसारखी झाली होती. होयट गावातून नवी घेऊन आला आणि बसवून बोल्ट आवळायलाही हात लावला. दुकानातला म्हणाला, नवऱ्याला द्या बसवायला. होयटने सांगितलं, "नवरा शिडी धरतो."

बारावीला गृहशास्त्रात माझा पहिला नंबर होता. उगीच नाही.

ओरिन तेवढा शिडी धरूनच धापा टाकत होता. ऊन फार.

१७ जून

एक थेंब नाही! पातेलं घासून कपाटात. जोलीनला फोन करून सांगितलं, आवाजात जेवढा मध घालता येईल तेवढा घालून.

२० जून, शनिवार

पुन्हा गळतोय. आधीपेक्षा जोरात.

मी हरलेले नाही. फक्त चिडलेय.

त्यातच मक्याचा पाव एका बाजूने जाड आणि एका बाजूने पातळ झाला. पातळ बाजू करपली. आता ओव्हनपण? एकेक करत सगळे संपावर जाताहेत.

२२ जून, सोमवार

रूडीला बोलावलं. फिरता मेकॅनिक, व्हॅन घेऊन पार्कापार्कांतून हिंडतो. चांगला माणूस. बूट दाराबाहेर काढून आला, त्यातच मला आवडला.

वर जाऊन तासभर होता. उतरून म्हणाला, "मॅडम, फोम तुम्ही झकास बसवलाय. भोकं मोकळी आहेत. गॅस ठीक. तरी पाणी मागच्या कडेवरून आत येतंय. माझ्या मते ताटलीला केसाएवढी चीर असणार, दिसत नाहीये. आणि ह्या मॉडेलची ताटली आता मिळत नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे नवा."

मी म्हटलं, "ट्रेलर वाकडा उभा असला तरी असं होतं ना?" मी ऐकलं होतं तसं कुठेतरी.

रूडी हसायलाच लागला. "ओरिनसाहेबांचा ट्रेलर? वाकडा?"

तेही खरंच. ह्या पार्कात नवी गाडी लागली की लोक आधी वीज जोडत नाहीत, ओरिनला बोलावतात. चाकाखाली फळी कुठे, जॅक किती, सगळं तोच सांगतो. हिवाळ्यात कॅनडावाले येतात ते त्याला सपाटी दाखवणाऱ्या बुडबुड्याच्या नळीवरून "पाणसळ" म्हणूनच हाक मारतात. "पाणसळ, जरा ये रे, माझी अंडी तव्यातून पळताहेत!" तरी रूडीने जाता जाता आमच्या ट्रेलरच्या नाकाशी, जॅकजवळ चिकटवलेल्या बोटाएवढ्या पाणसळीवर नजर टाकली. बुडबुडा बरोबर मधोमध. "बघा," म्हणाला.

ओरिन खुर्चीत बसून ऐकत होता. "मी सांगितलं नव्हतं? नवा घे, आर्लिस."

रूडीने नव्याची किंमत कागदावर लिहून दिली. कागद बायबलमध्ये ठेवलाय. तिथे तरी तो जरा नरमेल.

२४ जून

भांडलो. लग्न होऊन इतकी वर्षं झाली, अजून आम्हाला नीट भांडता येत नाही. मध्येच कोणीतरी कॉफी विचारतं.

मी म्हटलं, नवा घेतला तर टायर नाहीत, आणि टायर नाहीत तर आपण तळघरात. तो म्हणाला, टायर आणखी एक वर्ष जातील. मी म्हटलं, तूच म्हणाला होतास जाणार नाहीत. तो म्हणाला, "मी पुष्कळ काही म्हणतो."

मग म्हणतो, "सगळं नीट चालू असलेलं घर तुझ्या हातात असावं, एवढंच."

तुझ्या हातात? आपल्या म्हण की! पण तेवढ्यात त्याने कॉफी विचारली.

नव्या सपाता आणल्यात त्याने. एक नंबर मोठ्या. मी म्हटलं, पाय वाढतात का ह्या वयात? म्हणे, सवलतीत हाच नंबर होता. हे पटलं. असा आहे माझा नवरा.

२५ जून

ठरलं. शनिवारी रूडीला हो म्हणायचं. प्रार्थना केली, डोकं शांत आहे. हट्ट कुठे सोडायचा हे कळणं हीसुद्धा अक्कलच, आणि मी तीच मागितली होती.

पातेलं दिवसातून तीनदा ओततेय. त्या पाण्यावर टोमॅटोचं रोप मात्र उभारी धरतंय.

२६ जून, शुक्रवार

थांबा थांबा थांबा!

दुपारी बिडाच्या तव्यात बेकनची चरबी तापत ठेवली होती. चरबी सगळी एका बाजूला. तवा फिरवला, तरी त्याच बाजूला. म्हणजे तव्यात खोट नाही. मग मागचा मक्याचा पाव आठवला — जाड बाजू कुठली होती? ट्रेलरच्या मागच्या टोकाकडची! पातळ, करपलेली? पुढची! ओव्हन नव्हे. ओव्हन बिचारा निर्दोष.

मी ताटलीत पाणी घेतलं आणि ट्रेलरच्या मधोमध, एसीच्या बरोबर खाली, जमिनीवर ठेवली. पाणी मागच्या कडेला. छपरावरच्या ताटलीत तरी दुसरं काय होणार? भोकं पुढे, पाणी मागे. साचतं, कडेवरून उतरतं, माझ्या मानेवर पडतं. छपरावर मी मागच्या कडेला साचलेलं पाणी टिपलं होतं. फडकं हातात होतं आणि डोकं घरी!

ट्रेलर नाक वर करून उभा आहे. ओरिनचा ट्रेलर!

बाहेर जाऊन पाणसळ बघितली. बुडबुडा मधोमध. मग नीट बघितलं. पाणसळीच्या बाजूला जुन्या गोंदाची खूण, पांढरा चौकोन, आणि पाणसळ त्याच्यावर जराशी तिरकी. उन्हाने सुटली असणार, आणि ओरिनने पुन्हा चिकटवताना वाकडी चिकटवली. मग त्या वाकड्या पाणसळीवर ट्रेलर सरळ केला.

मी पायरीवर बसले आणि हसले, हसले. मग हसू गेलं. डोळे अधू झाले त्याचे. "पाणसळ ओरिन"ला आता स्वतःची पाणसळ दिसत नाही. होयटला कळलं तर हिवाळाभर पुरेल. कॅनडावाल्यांपर्यंत जाईल.

म्हणून कोणाला सांगायचं नाही. ओरिनलाही नाही. त्याच्याकडून ह्या पार्कात एवढं एकच मागतात सगळे, ते तरी त्याचं राहू दे.

तो नव्या पाहुण्यांची गाडी लावायला तिकडे गेला होता. मी मागचे आधाराचे पाय सैल केले, पुढच्या जॅकचा दांडा घातला आणि स्वयंपाकघरातल्या ताटलीतलं पाणी सारखं होईपर्यंत नाक खाली उतरवलं. सात वेढे! एवढं वर? डोळ्यांच्या डॉक्टरची वेळ घ्यायलाच हवी. पाणसळ चाकूने सोडवून जुन्या चौकोनात बरोब्बर बसवली.

तो परत आला तेव्हा मी बेकन वाढत होते. चेहरा देवदूतासारखा.

२७ जून, शनिवार

एक थेंब नाही. अख्खी रात्र, अख्खा दिवस. एसी पूर्ण जोरात, पातेलं कोरडं ठणठणीत!

रूडीला फोन केला, नको म्हणून. "चीर कशी बुजवली, मॅडम?" म्हटलं, "प्रार्थनेने. आणि थोड्या बेकनने." त्याला काही कळलं नाही, पण खूश झाला. टायरांचे पैसे टायरांनाच. जोलीन, तळघरात सायकली ठेव!

ओरिनला रात्री झोप लागली नाही. बाहेर खुर्चीवर जाऊन बसला होता, उकडतंय म्हणे. घरात हुडहुडी भरेल एवढा गार एसी चालू असताना! सकाळी डोळे लाल. गळती थांबली हे सांगितलं तर म्हणतो, "कसा काय?" मी म्हटलं, "आपोआप." मग कितीतरी वेळ तो वर जाळीकडे बघत होता. हरलेला माणूस चिडतो, तसं वाटलं. जाऊ दे. नव्याचं मनात धरून बसला होता.

परमेश्वरा, उद्या तुझ्या घरी येऊन तुझे मोठ्याने आभार मानीन. मागच्या बाकापर्यंत ऐकू जातील असे.

२८ जून, रविवार

हे दवाखान्यात लिहितेय, कॉर्पस क्रिस्टी शहरात.

जेवणानंतर ओरिन आडवा झाला होता. भांडी विसळताना खिडकीतून बघते तर बाहेर, जॅकपाशी. दांडा दोन्ही हातांत, आणि तो फिरवायला दम नाही. ओठ निळे. धरून पायरीवर बसवला, तेव्हा बोलला.

"सपाट पडलं की बुडाल्यासारखं होतं, आर्लिस. ईस्टरपासून. नाक वर केलं की उशाकडची बाजू वर येते. मग झोप लागते. आधी एक वेढा पुरायचा."

"आणि पाणसळ?"

"मीच वाकडी लावली. कोणी बघू नये म्हणून. सगळे छपराकडे बघत होते, ते बरं होतं." मग दम घेऊन, "जोलीनला कळलं असतं तर तिने तुला तळघरात नेलं असतं."

हृदयाला पाणी उपसवत नाहीये, असं डॉक्टर म्हणतात. औषधाने उतरेल म्हणतात. दोन दिवस जास्त सपाट झोपला असता तर, असंही म्हणत होते. ते वाक्य त्यांनी पुरं केलं नाही, मी विचारलं नाही. सपाट झोपायच्या दोन रात्री तर मीच दिल्यात. जोलीनला मीच फोन केला. निघालीय.

खाटेला बटण आहे. नर्सने विचारलं, "डोकं किती वर करू?" ओरिनने नाकावरची नळी बाजूला केली. "हिला विचारा. पाणसळ आता हिच्याकडे आहे."

आम्हाला इथे आणायला होयट ट्रक काढत होता तेवढ्यात मी जॅक पुन्हा वर करून आलेय. सातही वेढे. एसीखाली पातेलं ठेवलंय.